दीड तोळा सोनं आणि तेवीस किलोंची बॅग

परदेशातल्या मराठी घरात एक वेळ पोळपाट-लाटणं नसेल, पण बॅगेचं वजन करायचा लटकता काटा असतोच. आमच्या रेडिंगच्या घरात तो जिन्याखालच्या कपाटात खिळ्याला टांगलेला आहे. मर्यादा तेवीस किलोंची आणि बॅग भरते साडेचोवीस. मग काय काढायचं यावर मध्यरात्रीपर्यंत खल चालतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र अशी एक मोटार पाहिली, जिच्या कर्त्यानं हा खल काही वर्षं रोज केला होता. ती दाखवायला नेलं माझ्या मुलानं, आणि समजावून सांगितली माझ्या सासऱ्यांनी.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फोरमन होते. सासूबाई गेल्यानंतर ते सहा महिन्यांच्या व्हिसावर पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे आले. नवऱ्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं. चिंचवडचा फ्लॅट विकून टाकायचा, आणि अप्पांनी सहा महिने इथे, सहा महिने पुण्यात नणंदेकडे राहायचं. कागद तयार होते, सही तेवढी बाकी होती. अप्पा ना हो म्हणत ना नाही. सकाळी आंघोळ करून खिडकीत बसायचे आणि समोरच्या घरी कुरिअरवाला किती वेळा आला ते आम्हाला संध्याकाळी सांगायचे. मी "कंटाळा येतो का हो?" विचारलं की म्हणायचे, "छे, तुम्ही सगळं हातात देता की!" ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजिवांना गाड्यांचं वेड. त्यानं गुडवुडच्या 'फेस्टिव्हल ऑफ स्पीड'ची तिकिटं काढायला लावली आणि आजोबांचंही काढलं. पीटर्सफील्ड, मिडहर्स्ट अशी गावं मागे टाकत साउथ डाउन्सच्या हिरव्या टेकड्या चढून उतरलं, की चिचेस्टरच्या अलीकडे गुडवुड येतं. ड्यूक ऑफ रिचमंड यांची ही पिढीजात जहागीर. इथल्या जुन्या सर्किटवर शर्यतींना परवानगी मिळेना, म्हणून १९९३ मध्ये त्यांनी घराच्या आवारातल्या रस्त्यावरच हा उत्सव सुरू केला. रस्ता जेमतेम १.१६ मैलांचा. झाडांखालून निघून वाड्यासमोरून जातो, मोलकोमच्या वळणावर डावीकडे वळतो, गारगोटीच्या भिंतीला खेटून टेकडी चढतो. दुतर्फा गवताच्या पेंढ्या आणि त्यांच्यामागे माणसंच माणसं. आळंदीच्या रस्त्यावर पालखीच्या दिवशी असते तशी गर्दी, फक्त इथे टाळांऐवजी इंजिनं.

गुडवुडची मोठी सोय अशी, की गाड्या जिथे उभ्या असतात त्या आवारात तुम्हा-आम्हाला हिंडता येतं. एका मंडपाखाली चंदेरी रंगाची मॅक्लारेन एफ१ उभी होती आणि तिच्या इंजिनावरचं झाकण उघडं होतं. मुलगा थबकला. "आजोबा, हीच ती!" प्रोटोटाइप आणि शर्यतीच्या गाड्या धरून १९९८ पर्यंत या गाड्या अवघ्या १०६ बनल्या. चालकाची खुर्ची बरोबर मध्यभागी, आणि दोघं प्रवासी त्याच्या दोन बाजूंना, जरा मागे. चालक मधे बसला की पुढच्या चाकांची जागा त्याच्या पायांच्या आड येत नाही, पेडल तिरपी बसवावी लागत नाहीत.

अप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "वजन किती?" वेग नाही, किंमत नाही, आधी वजन. मुलगा म्हणाला, "११३८ किलो." आमची घरची सात आसनी गाडी रिकामी उभी असली तरी याहून पाचेकशे किलोंनी जड भरेल. इथे ६२७ अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे टनामागे साडेपाचशे अश्वशक्ती! सांगाडा सगळा कार्बन फायबरचा. चाकं मॅग्नेशियमची. सोबत दिलेले पाने टायटॅनियमचे, कारण ते पोलादापेक्षा बरेच हलके. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. सीडी प्लेअर आहे, पण तोही मुद्दाम हलका करून घेतलेला.

ही गाडी आखली गॉर्डन मरी यांनी. डर्बनमध्ये जन्मलेला हा मुलगा १९६९ साली लोटस कंपनीत नोकरी मिळेल या आशेनं इंग्लंडला आला. ती मिळाली नाही, ब्रॅबहॅमनं ठेवून घेतलं, आणि पुढे त्यानं फॉर्म्युला वनच्या जगज्जेत्या गाड्या आखल्या. परदेशात उतरल्यावर ठरलेली नोकरी हातची जाणं म्हणजे काय, हे आपल्या मंडळातल्या चार घरांत तरी कोणाला सांगावं लागणार नाही.

मी भाबडेपणानं विचारलं, "इंजिन मागे का हो ठेवतात?" अप्पा म्हणाले, "मागे नाही, मधे. चालकाच्या पाठीशी, पण मागच्या चाकांच्या पुढे. तू कावड पाहिली आहेस ना? दोन टोकांना दोन घागरी. कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून बघ. आधी वळत नाही, आणि वळायला लागली की थांबत नाही. तेच पाणी कळशीत भरून कमरेवर घे. तू वळलीस की कळशी वळते. गाडीतली सगळ्यात जड वस्तू इंजिन. ते कमरेवर घेतलंय." आजूबाजूचे दोन गोरे पोरगे अप्पांच्या हातवाऱ्यांकडे बघत होते. त्यांनाही अर्धं कळलं असावं.

मग अप्पा इंजिनाच्या कप्प्यावर वाकले. आतून सगळं पिवळं लखलखत होतं. "हे पितळ नाही," ते पुटपुटले. गाडीजवळच्या पांढऱ्या केसांच्या मेकॅनिकनं मान हलवली, "गोल्ड, सर." खरं सोनं! सोनं उष्णतेचे किरण उत्तम परतवतं, आणि कार्बन फायबरला धरून ठेवणाऱ्या रेझिनला उष्णता सोसत नाही. म्हणून कप्प्याला आतून सोन्याचा पातळ वर्ख. सगळा मिळून १६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीड तोळा. "आपल्याकडे एवढ्यात एक बरं मंगळसूत्र होतं," मी म्हटलं. अप्पा म्हणाले, "हो, पण हे मिरवायला नाही घातलेलं. झाकण लावलं की दिसतसुद्धा नाही."

त्या मेकॅनिकचं आणि अप्पांचं मग जे जमलं, ते मी बघतच राहिले. अप्पांचं इंग्रजी कारखान्यातलं, टॉलरन्स आणि मायक्रॉनचं. तेवढं पुरलं. मेकॅनिकनं सांगितलं, की मरी यांनी बीएमडब्ल्यूकडे ५५० अश्वशक्ती आणि २५० किलोंचं इंजिन मागितलं होतं. तिथल्या पॉल रोशे यांनी बारा सिलिंडरांचं, ६.१ लिटरचं इंजिन दिलं. टर्बो वगैरे काही नाही. ते २६६ किलो भरलं. अप्पांनी हिशेब केला, "सोळा किलो जास्त. पण सत्त्याहत्तर घोडे जास्त दिले. म्हणजे त्या सोळा किलोंनी आपला पगार कमावला." मेकॅनिकला ते इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली, पण तो मोठ्यानं हसला आणि अप्पांचा हात हातात घेऊन त्यानं हलवला. टूलरूमवाल्याचा हात त्याला ओळखू आला असणार.

दुपारी आम्ही मोलकोमच्या वळणाजवळ सतरंजी अंथरून थालीपिठं खात होतो, तेव्हा ती गाडी वर आली. आधी आवाज आला, खालच्या झाडांमधून. नुसता मोठा नव्हे, चढत जाणारा, तंबोरा लावताना तार ताणत जावी तसा. गाडी दिसली आणि गेली. वळणावर ती कुठेही झुकली नाही की डगमगली नाही. अप्पा म्हणाले, "बघितलंस? कळशी." मुलगा सांगत होता, की १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या ट्रॅकवर, रेव्ह लिमिटर काढून, अँडी वॉलेस यांनी ही गाडी ताशी ३८६ किलोमीटरनं पळवली, तो विक्रम २००५ पर्यंत टिकला. १९९५ साली तर शर्यतीसाठी जन्मालाच न आलेल्या या गाडीनं ला मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आणि आता सत्तरी ओलांडल्यावर मरी यांनी टी.५० केली, तीही शंभरच, वजन हजार किलोंच्या आत. अप्पा म्हणाले, "तीस वर्षांनी परत वजन काढलं? काय हा माणूस आहे!"

परतीच्या वाटेवर वाहनांची लांबच लांब रांग लागली होती. मागच्या सीटवर मुलगा झोपला होता. अप्पा अचानक नवऱ्याला म्हणाले, "तो फ्लॅट विकायचा नाही."

नवरा गप्प झाला. मग म्हणाला, "अप्पा, तिथे एकटे काय कराल? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. तुम्ही दोघं जीव लावता. पण त्या गाडीत रिकामा बसलेला एक स्क्रू नाही. प्रत्येकाला काम आहे. मला इथे काम नाही. गॅलरीत माझा वाइस आहे, खाली सोसायटीचा पंप आहे, भोसरीत आपल्या पाटलांचं वर्कशॉप आहे. पाटील दर महिन्याला म्हणतात, आयटीआयची पोरं येतात, त्यांना कानस धरायला शिकवा. तुझी आई होती तोवर तिच्या औषधांचं वेळापत्रक होतं. आता मला दुसरं हवं."

नवऱ्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर मलाही थोडं लागलं. आम्ही त्यांच्या हातून चहाचा कपसुद्धा उचलू देत नव्हतो, ते प्रेमानंच. तीन दिवस घरात फारसं कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी नवऱ्यानं दलालाला फोन करून विक्री थांबवली. त्याच संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं, "आमच्या मागच्या दाराचं कुलूप अडकतं, बघता का?" त्यांनी ते पूर्ण उघडलं, साफ केलं, आणि मुलाला शेजारी बसवून परत जोडायला लावलं. उरलेल्या दीड महिन्यात घरातलं एकही दार कुरकुरत राहिलं नाही.

जायच्या आदल्या रात्री काटा बाहेर आला. अप्पांची बॅग भरली अठरा किलो. आम्ही चॉकलेटं, स्वेटर, औषधं घालायला धावलो. त्यांनी स्वेटर तेवढा घेतला. बॅगेतून एक लाकडी डबी मात्र काढून नातवाच्या हातात दिली. त्यांचा मायक्रोमीटर, नोकरीच्या पहिल्या वर्षी पगारातून घेतलेला. "रोज वापर," म्हणाले, "नुसता ठेवलास तर मला परत पाठव."

आता रविवारी फोन येतो तो भोसरीच्या पोरांच्या तक्रारींचा: एकाचा हात थरथरतो, दुसरा घाई करतो. पुढच्या उन्हाळ्यात परत येईन म्हणतात, दोन महिन्यांसाठी. यंदाच्या दिवाळीला मात्र आम्हीच चिंचवडला जाणार आहोत. बॅगा भरायला घेतल्या आहेत. पहिली आत्ताच काट्याला लावली, साडेचोवीस!