कापणीच्या आदल्या संध्याकाळी

जूनचा पहिला आठवडा आला की शेजाऱ्याचा फोन येतो. "उद्या कापतोय. येतोस?" एवढंच. मग मी पँट मोज्यांत खोचतो, कारण इथल्या गवतात गोचीड फार, हातात झाडूचा दांडा घेतो आणि त्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो. तो, त्याची नात, मी आणि माझा मुलगा असे चौघं चार-चार पावलांवर पांगून कमरेइतक्या गवतातून चालत सुटतो. शोधायची असतात हरणाची पाडसं.

पेन्सिल्व्हेनियाच्या मध्यावर डोंगरांच्या लांबच लांब रांगा आहेत आणि रांगांच्या मधे शेतीची खोरी. त्यातल्या पेन्स व्हॅलीत आमचं घर आहे. शेजाऱ्याची जमीन आमच्या मागे डोंगरापर्यंत गेलेली: खाली गवत आणि मका, वर ओकचं रान, रानाच्या कडेला त्याची मचाणं. पाडसं शोधायला बोलावणारा हा म्हातारा पक्का शिकारी आहे. वर्षाला दोन-तीन हरणं त्याच्या फ्रीजरमध्ये जातात.

या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज नोव्हेंबरच्या मध्यावर असतो. तिथून गाभणपणाचे दोनशे दिवस मोजले की बोट जूनच्या सुरुवातीवर येतं. गवताची पहिली कापणीही तेव्हाच, कारण तुरा भरण्याआधी कापलं तरच चाऱ्यात कस राहतो. म्हणजे हरणी विते, पाडसाला सगळ्यात दाट आडोसा बघून ठेवते, आणि त्याच आडोशावर दोन दिवसांनी यंत्र फिरणार असतं. पाडस मोठं असतं तर पळालं असतं. पण पहिल्या आठवड्यात भीती वाटली की ते पळत नाही, जमिनीला चिकटतं. मान लांब करून हनुवटी मातीला टेकवतं, हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात. कोल्ह्यासारख्या कायोटीपुढे ही युक्ती बऱ्याचदा चालते. ट्रॅक्टरपुढे नाही.

इथल्या पहिल्या वर्षी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरामागच्या नेच्यांत एक पाडस एकटंच पडलेलं दिसलं. मी वाईजवळच्या शेतकरी घरातला, गुरंवासरं हाताळलेली. सोडून दिलेलं पिल्लू आहे हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. उचलून पडवीत आणलं. तीन किलोच्या आतबाहेर असेल. सगळे पायच. अंगावर पांढरे ठिपके, खूर अजून मऊ, कानाच्या आत गोचीड लागलेली, आणि वास असा काहीच नाही. कुत्र्याच्या पिल्लाला येतो तसासुद्धा नाही. मुलाने बाटली शोधली, बायकोने दूध कोमट केलं. ते तोंड उघडेना.

तेवढ्यात शेजारी काही कामाने आला. बघितलं, पण रागावला नाही. म्हणाला, "जिथून उचललंस तिथे ठेव. अगदी तिथेच. आणि घरात जाऊन बस."

आम्ही स्वयंपाकघरातला दिवा बंद करून खिडकीशी बसलो. साडेआठला, उजेड जायच्या बेतात असताना, हरणी आली. सरळ आली नाही. झाडीच्या कडेला उभी राहून पुढचा पाय दोनदा आपटला, नाकातून फुर्र केलं, घराकडे बराच वेळ बघितलं. मग नेच्यांत शिरून हलकं हुंकारली, आणि दिवसभर दगडासारखं पडलेलं ते पाडस टुणकन उभं राहून आचळांना भिडलं. ते पीत असताना ती त्याच्या शेपटीखाली चाटत होती. मला वाटलं माया. मायाही असेल, पण शेजाऱ्याने सांगितलं, ती त्याचं मूतशेण चाटून गिळते, मागे वास राहू नये म्हणून. वारही खाऊन टाकते. स्वतःच्या अंगाचा वास पाडसाजवळ नको म्हणून दिवसातून मोजक्या वेळा पाजायला येते आणि बाकी वेळ लांब राहते. जुळी असली, आणि बहुतेक प्रौढ हरणींना जुळीच होतात, तर दोघांना वेगवेगळ्या जागी ठेवते.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अरे, आपली करडं डालग्याखाली झाकून शेळ्या माळाला जायच्या, ते विसरलास? ती टाकून जायच्या का?"

शाळेत असताना मी राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' वाचून रडलो होतो. त्यातलं फ्लोरिडातलं पाडस याच जातीचं, हे मात्र त्या रात्री लक्षात आलं. त्यातल्या ज्योडीने घरी आणलं तसं मीही आणलं. पण त्याच्या पाडसाची आई मेलेली होती. माझ्याची दोनशे पावलांवर झाडीत उभी राहून सगळं बघत असणार.

तेव्हापासून कापणीच्या आदल्या संध्याकाळी मी जातो. पाडस दिसत नाही, हे आधी सांगायला हवं. पायाशी असलं तरी दिसत नाही. गवतातून खाली पडणारे उन्हाचे कवडसे आणि ते ठिपके यात डोळा फसतो. मला पहिलं सापडलं ते ओल्या काळ्या नाकामुळे; नाकावर माशी बसली होती आणि तेवढंच हललं. मुठीत गवत घेऊन त्याला उचलायचं, बांधाच्या झुडपात ठेवायचं, वर कपड्यांची जाळीदार प्लॅस्टिकची टोपली पालथी घालून वीट ठेवायची. डालगंच ते. यंत्र थांबलं की टोपली काढायची आणि निघून जायचं. माणसाचा हात लागला म्हणून हरणी पाडस टाकते, हे खोटं आहे. निदान आमच्या बांधावर असं एकदाही झालेलं नाही.

कापतानाही शेजारी कडेने आत जात नाही. मधून सुरू करून बाहेर येतो, म्हणजे जे काही पळू शकतं त्याला पळायला रान राहतं. डिझेल जास्त जातं, वळणं वाकडी होतात.

तरी एका वर्षी चुकलं. आम्ही माझी पट्टी शोधून झाली म्हणून पुढे सरकलो होतो, आणि पाडस माझ्याच पट्टीत होतं. ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला तेव्हाच कळलं. शेजारी उतरला, मागे गेला आणि नातीला म्हणाला, "घरी जा." त्या संध्याकाळी हरणी धसकटांत फिरत राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही होती.

यंत्राने मरतात ती मोजकीच. याच पेन्स व्हॅलीत आणि वायव्येच्या क्वेहाना जंगलात 2000 आणि 2001 साली पेन स्टेट विद्यापीठाने आणि राज्याच्या गेम कमिशनने दोनशेच्या वर पाडसांना रेडिओ-पट्टे बांधले होते. हिवाळ्यापर्यंत खोऱ्यातली सुमारे निम्मी उरली, जंगलातली चाळीस टक्क्यांहूनही कमी. मेलेल्यांतली निम्म्याच्या आसपास जनावरांनी खाल्लेली, त्यात अस्वल आणि कायोटी जवळपास बरोबरीने. शेजारी हे आकडे शांतपणे सांगतो. त्याने रानाच्या कडेची काही झाडं पाडून शेंडे तसेच टाकून दिलेत. त्यातून ब्लॅकबेरीची काटेरी जाळी उठली आहे. "पाडसाला लपायला. आणि हरणीला खायला, म्हणजे दूध राहतं," म्हणतो. हरणं वाढवून हरणं मारणारा माणूस, असं मी एकदा चेष्टेत म्हटलं. त्याने विचारलं, "तू कोंबड्या पाळल्या होत्यास ना गावाला?"

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो. गेल्या हंगामात मी पहिल्यांदा त्याच्यासोबत मचाणावर बसलो, नारिंगी जाकीट घालून, बंदूक न घेता. त्याच्याकडे शिंगं नसलेल्या हरणाचा परवाना होता. त्याचा एक नियम आहे: दोन हरणं शेजारी येईपर्यंत थांबायचं, म्हणजे मोठं कोणतं आणि त्याच वर्षीचं कोणतं ते कळतं. पावणेपाचला मक्याच्या कडेला एकच आलं. ठिपके शरदातच गेलेले, अंगावर हिवाळ्याची राखाडी लव. म्हाताऱ्याची नजर आता संध्याकाळी नीट लागत नाही. त्याने कुजबुजत विचारलं, "डोक्यावर काही?"

मी दुर्बिणीतून बघितलं. काही नव्हतं. "मोठी मादी वाटते," मी म्हणालो.

खाली उतरून जवळ गेलो तेव्हा ते लहान वाटलं. थूथन आखूड होतं. म्हाताऱ्याने गुडघे टेकले आणि दोन्ही कानांच्या मधे बोटं फिरवली, मग माझा हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली दोन गाठी होत्या, सुपारीएवढ्या. जूनचा नर. कुठल्या गवतातला, ते त्यानेही म्हटलं नाही आणि मीही नाही. त्याने टॅगवर तारीख लिहिली, वेळ मला विचारून लिहिली, आणि टॅग कानाला बांधला.

प्रौढ हरीण ओढायला दोघं लागतात. हे मी एकट्याने बांधापर्यंत नेलं.