वाटणीचा हार

३ फेब्रुवारी, नवी दिल्ली

राष्ट्रीय संग्रहालयाचं हडप्पा दालन. मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात केवढी तरी मोठी वाटायची. उजवा हात कमरेवर, डावा बांगड्यांनी भरलेला, हनुवटी किंचित वर. शेजारी शाळेची सहल होती. "आपला इतिहास इथून सुरू होतो," बाई सांगत होत्या. मग मुलं पुढे सरकली: मौर्य, कुषाण, गुप्त. दालनांची वाट अशी आखली आहे की चालता चालता हजारो वर्षांचा सलग देश डोळ्यांपुढून जातो. मला ही वाट आवडते. पण तिच्यातले सांधेही दिसायला हवेत.

४ फेब्रुवारी

आज पुन्हा त्याच दालनात गेले होते, एका हारासाठी. हिरवट जेडचे मणी, मधे सोन्याच्या चकत्या, खाली लोलक. मोहेंजोदडोला सापडलेल्या या हाराचा इथे एक भागच आहे. फाळणीत हडप्पा आणि मोहेंजोदडो ही दोन्ही स्थळं पाकिस्तानात गेली आणि तिथल्या वस्तूंची वाटणी करायची वेळ आली. तेव्हा हार सोडवून दोन्ही देशांनी वाटून घेतला. लाल अकीकाच्या लांब मण्यांच्या मेखलेचंही तेच झालं. असा एक मणी आरपार भोक पाडून तयार करायला कारागिराचे कित्येक दिवस जात. कोणीतरी टेबलाशी बसून तो दोरा तोडला असेल, मणी मोजले असतील. भाऊ वेगळे झाले की आईच्या पाटल्या एकेक वाटून घेतात. पाटली कोणी कापत नाही.

नर्तकी दिल्लीत राहिली, 'पुरोहित राजा' कराचीत आहे. सीमेच्या अलीकडे मग आपल्या पुरातत्त्वज्ञांनी नेटाने शोध घेतला. १९५४ मध्ये लोथल सापडलं, १९६० पासून कालीबंगाचं उत्खनन सुरू झालं. वाटणीने काचेमागे राहिलेली रिकामी जागा भरून काढण्याची ओढही त्या कामामागे होती, असं मला वाटतं.

६ फेब्रुवारी

या संग्रहालयाचा जन्मही फाळणीच्याच दिवसांतला. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. परत आलेल्या वस्तू दिल्लीत व्हाइसरॉयच्या जुन्या वाड्यात, आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडल्या. गावोगावच्या संग्रहालयांतून उसन्या आणलेल्या वस्तू एकत्र बघून त्या इथेच राहाव्यात असं ठरलं आणि १५ ऑगस्ट १९४९ ला तिथेच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. जनपथावरची इमारत १९६० ची. अशोककाळातला रामपूरवाचा वृषभ मात्र राष्ट्रपती भवनातच राहिला. इंग्रजांच्या दारात अशोकाचा बैल उभा करणं, यातच केवढं सांगून झालं!

९ फेब्रुवारी, चंदीगड

लाहोरच्या संग्रहालयातल्या संग्रहाची १९४८ मध्ये साठ-चाळीस वाटणी झाली. भारताच्या वाट्याच्या गांधार मूर्ती अमृतसर, सिमला, पतियाळा असा मुक्काम करत १९६८ मध्ये इथल्या संग्रहालयात, ल कॉर्बुझिएच्या इमारतीत स्थिरावल्या. ग्रीक वळणाची वस्त्रं ल्यालेले बुद्ध, बोधिसत्त्व, काळसर शिळा. आज त्यांचं गाव सीमेपलीकडे आहे. तरी इथे त्यांना परकं म्हणवत नाही.

१० फेब्रुवारी

दिल्लीतल्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉक या सरकारी इमारतींमध्ये 'युगे युगीन भारत' हे नवं राष्ट्रीय संग्रहालय व्हायचं आहे. हाराची मांडणी तिथे नव्याने होईल. शेजारी पाकिस्तानातल्या भागाचं त्याच मापाचं छायाचित्र असावं, आणि वाटणीची हकिगत मोठ्या अक्षरांत, हिंदीत, उर्दूत. आज हेच पत्रात लिहून संग्रहालयाला टपालाने पाठवलं.