पाठीचं कापड

गडद रजईवर पांढरे तंतू दिसू लागले की बहुतेक जण कापसाला बोल लावतात. मला वाटतं, आधी कापडाची वीण पाहावी. कापूस स्वभावानं मोकळा. त्याला आत सांभाळायचं काम कापडाचं.

हे मला आईनं शिकवलं. अकोल्याला आमच्या आळीत दिवाळीच्या सुमारास पिंजारी यायचा, खांद्यावर पिंजण घेऊन, तिची तात वाजवत. अंगणात जुन्या रजया उसवल्या जायच्या आणि दबून गठ्ठा झालेला कापूस तातीच्या ठोक्यांनी पुन्हा फुलायचा. आम्ही पोरं उडत्या कापसात नाचायचो. आई पिंजाऱ्याशेजारी बसून सरकीची टरफलं वेचत राहायची. त्यांची टोकं आतून कापडाला टोचतात, आणि एकदा भोक पडलं की कापसाला वाट मिळते. कापूस देशी असायचा, आखूड धाग्याचा, जाडसर, दाबला तरी उसळून वर येणारा. बारीक सुताला तो चालत नाही, पण रजईत त्याच्यासारखी ऊब नाही.

रजईला वरून छापील कापड, पाठीला तांबडा खारवा किंवा गडद निळं सुती. कापसाच्या दोन्ही अंगांना मात्र जुन्या धोतराचा एकेक थर असायचा. तो कुणालाच दिसत नसे आणि आईचा सगळ्यात जास्त वेळ त्यावरच जायचा. धोतर उजेडासमोर धरून ती विरलेला भाग शोधायची आणि तेवढा कापून टाकायची. दोन कापडांची छिद्रं नेमकी समोरासमोर येणं कठीण, त्यामुळे पहिल्यातून निसटलेला तंतू दुसऱ्याला अडतो, हे तिनं दोन पदर बोटांवर घेऊन मला दाखवलं होतं. पाठीचं नवं कापड आधी भिजवून आटवून घ्यायची, म्हणजे वीण जवळ येते. सुई शक्य तितकी बारीक. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवायचा, नाहीतर दोरा परत वर येताना कापूस सोबत ओढून आणतो. एवढं केलेल्या निळ्या रजया वर्षानुवर्षं निळ्याच राहिल्या.

लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा पिंजाऱ्याची तात ऐकू येईनाशी झाली होती. दुकानात फायबरच्या रजया. एकदा काळ्या साटीनची घेतली. पहिल्याच हिवाळ्यात ती जागोजागी पांढरी दिसू लागली. कारण मला कळलं ते माहेरी गेले असताना, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या एका प्रदर्शनात. तिथं सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पाहिला: पीळ दिलेल्या चपट्या फितीसारखा. हे पीळ एकमेकांत अडकतात, म्हणून कापूस एकमेकाला धरून राहतो. फायबरच्या रजईतला पॉलिएस्टरचा तंतू मात्र गोल आणि गुळगुळीत असतो. त्याला धरायला काही नाही. अंगाखाली घासला की तो निसटतो, कोरड्या हवेत त्यावर स्थिर विद्युत साठते आणि तो कापडाकडे ओढला जातो. त्यात साटीनचे धागे लांब लांब तरंगत विणलेले. चमक येते, पण एकआड एक विणलेल्या साध्या घट्ट कापडाइतकी पकड नाही.

माझी लेक कॅनडात असते. हिवाळाभर घरात हीटर, हवा कोरडीठाक. तिच्या काळ्या क्विल्टवर तंतू दिसले की ती ओढून काढायची. तिला मी फोनवरच थांबवलं. एक तंतू ओढला की मागचे त्याचे सोबती रांगेनं येतात आणि छिद्र मोठं होतं. सुईच्या बोथट टोकानं ते आत ढकलावेत, अगदीच नाही तर कापडालगत कात्रीनं कापावेत, आणि नखानं हलकेच घासून धागे जवळ आणावेत. तिकडे रजईत भरायचा काळा किंवा करडा थर, वॅडिंग, हाही मिळतो; आतलाच थर गडद असला तर आलेला तंतूही दिसत नाही. ही सोय मला मनापासून आवडली. पण त्या सोयीनं तंतू लपतो, थांबत नाही, म्हणून वीण पाहायची ती पाहायचीच. कापड विजेरीसमोर धरलं आणि उजेडाचे ठिपके सहज मोजता आले, तर ते पाठीला लावू नये. अतिघट्ट कापडही मला नको वाटतं. त्यात सुई अडते, हात दुखतो आणि टाके वाकडे पडतात. घट्ट विणीचं, पण सुईला वाट देणारं सुती पॉपलिन मला सगळ्यात पसंत आहे.

सध्या नातीसाठी गडद निळी रजई शिवते आहे. कापूस विदर्भातूनच मागवला, देशी. धोतरं आता घरात कुणी नेसत नाही, म्हणून आतल्या थराला माझ्याच दोन जुन्या नऊवारी घेतल्या, जांभळी आणि काळी. उजेडासमोर धरून पाहिल्या. निऱ्यांकडचा भाग विरला होता, तो काढून टाकला. पदराची बाजू अजून घट्ट आहे.