लांबून ऐकणारे

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याकडे हिवाळ्यात शेतीची थ्री-फेज लाईट बरेचदा रात्रीची असते, म्हणून कांद्याचं पाणीही रात्रीचं. पायात गमबूट, हातात फावडं, कपाळाला बांधलेली बॅटरी, आणि बिबट्यानं जवळ फिरकू नये म्हणून खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं लावलेली गाणी. बारे देता देता माणूस मध्येच मोबाईल बंद करतो, कारण दूरच्या कुठल्यातरी गावच्या यात्रेतली ढोलकी वाऱ्यावरून बांधापर्यंत आलेली असते. दिवसा हाकेवरची हाक ऐकू जात नाही आणि रात्री दोन गावांपलीकडचा सोंगाड्या ऐकू येतो, याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरचा थर तुलनेनं ऊबदार राहतो. एरवी आभाळात निघून जाणारा आवाज अशा हवेत खाली वळतो आणि रानावर पसरतो. गहू, हरभरा, कांदा यांच्यावरून चालत आलेला तो तमाशा शब्दांत तुटका असतो. बतावणीतला विनोद हरवतो, पण हशा पोचतो. पाणी भरणारा त्या हशाला हसतो.

हा माणूस तमाशाचा चाहता की नाही, हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. तिकीट काढून कनातीत बसलेले तेवढे रसिक आणि बाकीचे उगीच कानावर पडलं म्हणून ऐकणारे, अशी वाटणी सोपी असते. पण कनातीच्या आतही किती तऱ्हा. अगदी पुढे जमिनीवर बसलेल्या पोरांना वग कळत नाही. त्यांना बोर्डावरच्या दिव्यांचं आणि चाळ बांधलेल्या पायांचं वेड असतं. त्यांच्या मागे शिट्ट्या मारणारे, फेटा उडवणारे, गाण्यामागून गाण्याची फर्माईश करणारे. त्याहून मागे, खांबाला टेकून बसलेले चार-दोन म्हातारे असतात. ते गण आणि गवळण मन लावून ऐकतात आणि ढोलकीवाल्याचा हात कुठे घसरला ते शेजाऱ्याला कोपरानं सांगतात. बायकांनी तर आमच्या भागात तमाशा पाहिला कमी आणि ऐकला जास्त. घराच्या धाब्यावर वाकळ अंथरून त्यांनी आख्खे वग पाठ केलेले असायचे. त्यांतल्या राजाचा चेहरा त्यांनी कधीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो राजा प्रत्येकीचा वेगळा होता.

मी पहिल्यांदा रॉक ऐकला तोही असाच, बाहेरून. मुंबईत शिकत असताना धोबीतलावला, सेंट झेविअर्स कॉलेजच्या अंगाला असलेलं रंगभवन हे उघड्यावरचं नाट्यगृह म्हणजे तिथल्या रॉकवेड्यांचं पंढरपूर होतं. 1986 मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तिथे वर्षानुवर्षं भरायचा. देशभरातले बँड यायचे, काळ्या टी-शर्टांची रांग रस्त्यावर यायची. छप्पर नसल्यामुळे आवाज भिंतीत कोंडून राहत नसे. खिशात पैसे नसलेले, वसतिगृहात वेळेवर परतायचं असलेले, किंवा नुसतेच बुजलेले आम्ही काही जण फुटपाथवर उभे राहायचो. गिटारचा वरचा सूर भिंतीवरून कधी यायचा, कधी नाही, पण बेस आणि ड्रमचा दणका चुकत नसे. खालचे स्वर अडथळ्यांना वळसा घालून येतात, वरचे अडतात. त्यामुळे भिंतीबाहेरच्या माणसाला गाण्याचा सांगाडा मिळतो, चेहरा मिळत नाही. माझ्या कानात आजही रॉक म्हणजे आधी बेस. पुढे आत गेलो, गिटारवादकाची बोटं दिसतील इतका जवळ गेलो, तरी ही खोड गेली नाही.

आत गेलो तेव्हा कळलं, तिथेही यात्राच होती. रंगमंचासमोर एक मोकळं रिंगण पडायचं आणि त्यात पोरं एकमेकांवर आदळायची. बाहेरून पाहणाऱ्याला मारामारी वाटावी असं ते दृश्य. त्याला ‘मॉश पिट’ म्हणतात आणि त्याचा न लिहिलेला एक नियम जगभर पाळला जातो: कुणी पडला की शेजारच्यांनी त्याला आधी उचलायचं. कॉर्नेल विद्यापीठातल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये अशा गर्दीच्या चित्रफितींचा अभ्यास प्रसिद्ध केला. धक्काबुक्कीतल्या माणसांच्या हालचाली वायूच्या कणांसारख्या दिसतात आणि त्यातूनच कधी सगळे एका दिशेनं गोल धावू लागतात, असं त्यांना आढळलं. आमच्या पश्चिमेच्या डोंगरात, कळवण-सुरगाण्याकडे, कोकणा बांधवांची पावरी वाजते तेव्हा नाचणारेही वर्तुळातच फिरतात. वाळलेल्या भोपळ्याचं आणि शिंगाचं ते वाद्य, सोबत संबळ. आता आमच्याकडच्या लग्नात तोच सूर कीबोर्डमधून निघतो आणि हळद लागलेल्या नवरदेवासकट आख्खी वरात त्याच्यावर फिरते. त्या वेळी गाणं ऐकतंय कोण? कान तर आहेतच, पण मुख्य काम पाय करत असतात. पिटात उतरलेल्या पोराला गाणं कसं झालं असं विचारू नये. ते त्याच्या बरगड्यांना माहीत असतं.

रंगभवनावर पुढे शांततेची कुऱ्हाड पडली. परिसरात रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था, म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात धरला गेला आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथलं गाणं थांबलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचे भोंगेही बंद केले. वर्षातले काही मोजके दिवस सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, एवढंच. शहरातल्या रॉकवाल्यांना यामुळे लवकर सुरू करून लवकर संपवायची सवय लागली. तमाशाला मात्र ते जड गेलं. रात्र चढेल तसा चढणारा, पहाटे वग संपवणारा खेळ घड्याळात बसवायचा म्हणजे कुठलातरी अवयव कापावाच लागतो. बहुतेक ठिकाणी गण-गवळण आखडली आणि फर्माईशीची गाणी राहिली. मागे खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यांचा तमाशा गेला, पुढच्या शिट्टीवाल्यांचा टिकला. आजाऱ्याला झोप हवी, हे मान्यच. पण वेळ कमी पडला की कुठल्या रसिकाचा वाटा आधी जातो, हेही त्यातून दिसलं.

मागच्या वर्षी, 2025 च्या जानेवारीत, कोल्डप्ले हा इंग्लंडचा बँड नवी मुंबईत आला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 18, 19 आणि 21 तारखेला त्यांचे कार्यक्रम झाले. आदल्या सप्टेंबरात तिकीटविक्री उघडली तेव्हा लाखो लोक ऑनलाइन रांगेत होते. माझा भाचा आणि त्याचा मित्र त्या रांगेत आपापल्या मोबाईलवर तासन्‌तास बसले आणि जे जिथलं मिळालं ते घेत गेले. म्हणून आमच्या जागा विखुरल्या. पोरं आणि मी खाली मैदानात उभ्यानं, तर भाच्याची आई, म्हणजे माझी ताई, वर गॅलरीत. तिला कोल्डप्लेचं काही नव्हतं, मुलगा एवढ्या गर्दीत जातो म्हणून ती निघाली होती. दाजी आले नाहीत. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती आणि मजूर एकदा हातचे गेले की परत मिळत नाहीत. भावडबारी ओलांडून चांदवडला महामार्ग धरला, तेव्हा गाडीत सहावं गाणं वाजत होतं आणि ताई मागच्या सीटवर हरिपाठ पुटपुटत होती.

पोरं दुपारपासून उन्हात उभी राहिली आणि रंगमंचासमोरच्या कठड्याला जाऊन चिकटली. मी मागे, मैदानाच्या मधोमध ध्वनियंत्रणेचा मंडप असतो तिथे थांबलो. साउंड इंजिनिअर जिथे बसतो तिथला आवाज सगळ्यांत तोललेला असतो, कारण तो स्वतःच्या कानांसाठीच तो तोलत असतो. वय झालेले चाहते या जागेच्या शोधात असतात. विशीत आपण गायकाचा घाम दिसेल तिथे उभे राहतो आणि चाळिशीनंतर बेस आणि आवाज वेगळे ऐकू येतील तिथे. भक्ती तीच असते, गुडघे बदललेले असतात.

माझ्यासमोरच सुरक्षारक्षकांची एक ओळ होती. रंगमंचाकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड. त्यांतल्या एकाकडे मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. एवढा मोठा कार्यक्रम त्यानं आमच्या चेहऱ्यांवर पाहिला. कुठलं गाणं सुरू होणार हे त्याला आमच्याआधी कळत नव्हतं, पण कुठल्या गाण्याला कोण रडतं हे त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसेल. याच दौऱ्यात या बँडनं कर्णबधिर चाहत्यांसाठी खुणांच्या भाषेचे दुभाषे आणि ठोके अंगावर उतरवणारी जाकिटं ठेवली होती. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटलंडची तालवादक तर लहानपणीच श्रवणशक्ती गमावूनही अनवाणी पायांनी कंप टिपत जगभर वाजवत आली. तळव्यांनी ऐकणाऱ्यालाही जिथे जागा आहे, तिथे ‘खरा चाहता कोण’ हा वाद घालायचा तरी कुणी?

परतीच्या वाटेवर तो वाद झालाच. इगतपुरीच्या गारठ्यात चहाला थांबलो तेव्हा भाच्याचा घसा बसलेला होता. त्याला गाणी आठवत नव्हती. तो म्हणाला, ‘मामा, माझा आवाजच मला ऐकू येत नव्हता.’ मित्रानं सगळा कार्यक्रम मोबाईलमध्ये धरला होता आणि आता तो हलत्या चित्रांत स्वतःलाच शोधत होता. मी त्याला हसणार होतो, पण थांबलो. त्याच्या घरी ते पाहायची वाट बघणारी आजी होती.

ताईचं म्हणणं सगळ्यांत निराळं. बँडनं प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा एक पट्टा दिला होता, तो दुरून नियंत्रित होतो. खाली आम्हाला फक्त शेजाऱ्याचा दिवा दिसत होता. तिला वरून आख्खं स्टेडियम पिवळं होताना, लाल होताना, लाटेसारखं विझताना दिसलं. आणि ती म्हणाली, ‘टाळ्या मात्र एकात एक पडत नव्हत्या. या टोकाच्या आधी, त्या टोकाच्या मग.’ भजनी मंडळात टाळ धरणारा कान तो. तिनं पकडलं ते अगदी खरं होतं. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो, म्हणजे शंभर मीटर मागे उभ्या माणसाला तोच ठोका जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा मिळतो. मोठ्या मैदानात मागचे स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजवतात, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज कानात एकत्र पोचतो. माणसांच्या टाळ्यांना अशी सोय नाही. हजारो लोक एकाच क्षणी एकच गाणं ऐकताहेत, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पुढच्याला ते मिळून चुकलेलं असतं आणि मागच्याला अजून यायचं असतं.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर पार्किंगमध्ये होता. इतर ड्रायव्हरांबरोबर त्यानं टपावर बसून बेस ऐकला, रंगभवनाबाहेर मी ऐकला होता तसा. मधूनच येणारी आरोळी ऐकून आत काय झालं असेल याच्या त्यांनी पैजा लावल्या. बँडचा गायक क्रिस मार्टिन यानं क्रिकेटपटू बुमराह पडद्यामागे आपली वाट पाहतोय अशी थट्टा केली, तेव्हाची गर्जना त्याला कुणीतरी आउट झाल्यासारखी वाटली. क्रिकेटपर्यंत त्याचा अंदाज पोचला होता, ही काही लहान गोष्ट नाही.

आणि दाजी? त्याच बँडचा 26 जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाईलवर थेट दाखवला गेला. रविवार होता. दाजींनी जेवणानंतर तो पाहिला, आणि मग फोन करून मला सांगितलं की ड्रम वाजवणाराच मधूनमधून गातोही, हे तुम्ही सांगितलं नाही. आम्ही सांगणार कुठून, आम्हाला ते नीट दिसलंच नव्हतं. कॅमेरा त्यांना विल चॅम्पियनच्या हातापर्यंत घेऊन गेला होता. त्यांची एक तक्रार होती. भाच्याच्या गाडीत ऐकलेलं गाणं यांनी असं का वाजवलं नाही, हळू का घेतलं? रॉकच्या चाहत्यांमधली ही जुनी फूट आहे. रेकॉर्डसारखं हुबेहूब हवं असणारे एका बाजूला आणि रेकॉर्डपेक्षा वेगळं झालं तरच पैसे वसूल मानणारे दुसऱ्या बाजूला. मी दाजींना बतावणीची आठवण दिली. एकच बतावणी सोंगाड्यानं रोज शब्द न बदलता केली असती, तर तुम्ही दोन-दोन गावांच्या यात्रांना गेला असता का? ते म्हणाले, ‘ते निराळं.’ मला ते अजून निराळं वाटत नाही.

देवळ्यासारख्या ठिकाणाहून कुठलाही मोठा कार्यक्रम लांबच असतो. तिकीट, प्रवास, पाण्याची पाळी, मजुरांचा खाडा, घरातल्यांची परवानगी या सगळ्यांतून जे उरतं तेवढ्या जागेवर आपण उभे राहतो. कुणाला कठडा मिळतो, कुणाला गॅलरी, कुणाला टप. चाहत्याची प्रत त्यावरून ठरवायला मी आता तयार नाही. पोरांना मात्र एक सवय लावली आहे. पुढच्या कार्यक्रमाहून परत आलं की गाणी कशी झाली ते नंतर सांगायचं. आधी सांगायचं, उभे कुठे होता, आणि शेजारी कोण होतं.