कान तुटलेला कप

गेल्या शनिवारी माळा आवरायला घेतला. म्हणजे आईने घ्यायला लावला. हापिसात सलग तीन आठवडे रिलीजचा गोंधळ चालू होता, त्यामुळे या वीकांताला दुपारी बारापर्यंत ताणून द्यायची असा पक्का बेत होता. पण आईपुढे कोणाचं चाललंय? तर त्या माळ्यावरच्या एका खोक्यात दोन पुस्तकं एकावर एक सापडली. एक आजीचं 'श्यामची आई', पाठीला खळ लावून चिकटवलेलं. दुसरं माझं, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना फोर्टातल्या फुटपाथवरून घेतलेलं 'टु किल अ मॉकिंगबर्ड'.

माळा अर्धवट राहिला हे सांगायला नकोच.

मॉकिंगबर्ड बऱ्याच जणांनी वाचलं असेल, तरी थोडक्यात सांगतो. हार्पर ली या बाईंची ही कादंबरी १९६० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामामधलं मेकोम नावाचं काल्पनिक गाव. गोष्ट सांगणारी स्काउट सुरुवातीला जेमतेम सहा वर्षांची. तिचे वडील अ‍ॅटिकस वकील. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर एका गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा खोटा आरोप येतो. अ‍ॅटिकस त्याचा खटला लढवतो. टॉम निर्दोष आहे हे कोर्टात बसलेल्या पोरांनासुद्धा कळतं, आणि तरीही ज्यूरी त्याला दोषी ठरवते.

त्यात एक छोटा प्रसंग आहे. सरकारी वकील टॉमशी ज्या तुसडेपणाने बोलतो ते ऐकून डिल, म्हणजे स्काउटचा मित्र, रडायला लागतो. त्याला बाहेर न्यावं लागतं. बाहेर एक माणूस भेटतो, तो साधारण असं म्हणतो की अजून थोडा मोठा झालास की तुला हे ऐकून रडू येणार नाही. कॉलेजात वाचताना या पानावर मी पेन्सिलने रेघ मारली होती. वर्णभेदाबद्दल लय वाईट वाटलं होतं. मित्रांना पुस्तक वाचा वाचा म्हणून पिडलं होतं. अमेरिका कशी दांभिक आहे यावर कँटीनमध्ये लेक्चरही दिलं असेल.

मग मी 'श्यामची आई' उघडलं. आणि गंमत बघा, मॉकिंगबर्डची गोष्ट घडते १९३३ ते १९३५ या काळात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं ते १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, आणि पुस्तक आलं १९३५ मध्ये. तिकडे स्काउट कोर्टाच्या गॅलरीत बसली होती तेव्हाच इकडे कोकणातला श्याम आपल्या आईच्या गोष्टी सांगत होता.

त्यात मोळीची गोष्ट आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी रस्त्यात पडते. तिच्याने ती उचलवत नाही, आणि शिवाशिवीपायी कोणी हात लावायला तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. आजी रात्री वाचून दाखवायची आणि इथे आली की तिचा आवाज भरून यायचा. मलाही रडू यायचं.

पण गेल्या शनिवारी वाचताना थबकलो. कारण आई पुढे आणखी एक गोष्ट सांगते. मोळी देऊन आलास की आंघोळ कर.

ही आंघोळ माझ्या लक्षातच नव्हती. इतक्या वेळा ऐकून! आजीने ते वाक्य गाळलं नसणार, ती पुस्तकातलं अक्षर गाळायची नाही. मलाच ते खटकलं नव्हतं. खटकणार कसं? आमच्या घरात तेव्हा कप वेगळा होता.

साधारण २००४ सालची गोष्ट. मी सात वर्षांचा. आमच्याकडे भांड्यांना एक मावशी यायच्या. सुट्टीत त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी यायची, माझ्याच वयाची. आम्ही सापशिडी खेळायचो. ती हरली की सोंगट्या उधळून द्यायची, मग भांडण. मोरीच्या खिडकीत एक कान तुटलेला कप असायचा. मावशींचा चहा त्यातून. एकदा मे महिन्यात दोघांना तहान लागली म्हणून मी रसना केलं आणि माझ्या निळ्या ग्लासात तिला दिलं. आजी बघत होती. ओरडली नाही, काही बोललीसुद्धा नाही. संध्याकाळी माझा ग्लास मोरीच्या खिडकीत होता, त्या कपाशेजारी. मला नवा ग्लास मिळाला.

पुढच्या वेळी तिने पाणी मागितलं तेव्हा मी न सांगता खिडकीतला ग्लास काढला आणि त्यातून दिलं. ती हसली. "हा तुझा होता ना?" एवढंच म्हणाली. त्यानंतर ती खेळायला आली की नाही, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

मला कोणी एक शब्द शिकवला नव्हता. डिलला 'थोडा मोठा' व्हायला वेळ लागणार होता. माझं काम एका संध्याकाळीत झालं.

आजीला खलनायिका करायचं नाहीये. साने गुरुजी आंघोळीपाशी थांबले नाहीत. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं, आणि देऊळ उघडलं. आजी तेव्हा लहान होती, पण हे सगळं तिच्या तोंडूनच मी ऐकलंय, अभिमानाने. देवळाचं दार उघडलं ते तिला पटलं होतं. मोरीच्या खिडकीतला कप मात्र तिथेच राहिला.

आणि आमच्या नकळत्या वयाच्याही पलीकडे काय काय होतं! रोज हापिसची बस घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरावरून जाते. ११ जुलै १९९७ ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, ती आमच्या मुलुंडमध्ये. मी तेव्हा सहा महिन्यांचा होतो. हे मला कळलं ते नोकरीला लागल्यावर, आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मधून. घरी विचारलं तर आई म्हणाली, "हो, त्या दिवशी हायवे बंद होता, बाबांना यायला उशीर झाला होता." अलाबामाचा नकाशा मला त्याआधी पाठ होता.

आता आजी शहाऐंशीची आहे, अंथरुणाला खिळलेली. तिला बघायला दिवसा एक मावशी येतात. तिला आंघोळ घालतात, भरवतात, वेणी घालतात. आजी त्यांचा हात सोडत नाही. रविवारी सकाळी मी चहा केला तेव्हा मुद्दाम बघितलं. फडताळात खालच्या कप्प्यात एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला. या वेळी आजीने नाही, ती तर उठतच नाही. आईने ठेवला असणार, किंवा कोणीच ठेवला नसेल, आपोआप वेगळा झाला असेल. वर्षभर मीही त्यातूनच त्यांना चहा देत होतो.

मी आमच्या कपांतला एक कप भरून मावशींपुढे ठेवला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आत आईकडे. मग उठून तो पेला आणला, चहा त्यात ओतून घेतला आणि कप विसळून ठेवला. "असू दे दादा," म्हणाल्या.

नंतर आईला विचारलं, हा पेला वेगळा का? ती म्हणाली, "अरे, त्यांनाच बरं वाटतं तसं." मला उत्तर सुचलं नाही. बरं त्यांना वाटतं की आपल्याला, एवढं तरी विचारायला हवं होतं.

ते खोकं अजून खालीच आहे. माळ्यावर परत ठेवलेलं नाही. आज पुन्हा शनिवार. आईशी बोलायचंय, आणि त्याच्याही आधी मावशींचं पूर्ण नाव विचारायचंय. वर्षभरात मला ते माहीतच नाही.

चहा टाकतो. एकसारखे चार कप काढलेत.