मधलं नाव

मुलीचं नाव ठेवताना घरात जेवढा वाद होतो, तो सगळा पहिल्या नावावरून. आजीला कुलदेवीचं हवं असतं, आत्याला मालिकेतलं, आईने वहीच्या मागच्या पानावर स्वतःची यादी करून ठेवलेली असते. त्यात गुरुजी पत्रिका मांडून अक्षर काढून देतात. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलीला ‘ङ’ येतं. त्यावरून आजवर कुणाला नाव सुचल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मधल्या नावाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ते जन्माआधीच ठरलेलं: बापाचं.

त्या ठरलेल्या नावाला शोभेल असं पहिलं नाव शोधायचा माझ्या वडिलांना, दादांना, भारी नाद. त्यांचं नाव दिनकर. मी तिन्हीसांजेला जन्मले म्हणून संध्या, असं आई सांगे. दादा म्हणत, वेळेचा काही संबंध नाही, ‘संध्या दिनकर’ मोठ्याने म्हणून बघितलं आणि ठरवून टाकलं. धाकटीच्या वेळी ते ‘उषा’वर अडून बसले होते. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही एकाच घरात कशाला, म्हणत आजीने ते हाणून पाडलं आणि ती प्रभा दिनकर झाली. कुणाकडे पाळणा हलला की लोक दादांना विचारायला येत. आमच्या आळीत रजनी चंद्रकांत होती, छाया प्रकाश होती, लता वसंत होती. पण नुसता अर्थ जुळला म्हणून दादा खूश होत नसत. नाव जिभेवर घोळवून बघत. ‘मीना नारायण’ भरभर म्हटलं की एक ‘ना’ गिळला जातो आणि मीनारायण उरतं. ‘नीता तानाजी’ला जीभ अडखळते. ‘कविता विनायक’ कसं सरळ चालत जातं बघा, असं ते आलेल्या माणसाला दोन-दोनदा म्हणून दाखवत, आणि त्या माणसाचं नाव विनायक नसलं तरी तो मान डोलवी.

शाळेत या सगळ्या कलाकुसरीची वाट लागे. मुलं एकमेकांना बापाच्या नावाने हाका मारून चिडवत, मुलींनाही सोडत नसत. मधल्या सुट्टीत कुणी ‘ए दिनकर’ असं ओरडलं की प्रभा आणि मी, दोघी वळून बघायचो.

पुढे मी स्वतः सातारा जिल्ह्यात शिक्षिका झाले आणि सकाळची हजेरी घेऊ लागले. एका काळात दर वर्गात इतक्या पूजा असत की पहिल्या नावाचा काही उपयोगच होत नसे. पूजा संजय, पूजा सुनील, पूजा राजेंद्र. वर्षभर ती मुलगी बापाच्या नावानेच ओळखली जाई. आणि हजेरीत अधूनमधून नकुशी किंवा नकोसा असायची. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, की तिला हे नाव चिकटवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला देव ऐकेल. पटावर त्या नावाच्या पुढे बापाचं नाव मात्र पूर्ण, शुद्ध, एकही काना-मात्रा न चुकता लिहिलेलं. ते वाचताना माझा आवाज खाली यायचा. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा 285 मुलींना नवी नावं दिली, काहींनी तर आपलं नाव आपण निवडलं. मधलं नाव अर्थातच तेच राहिलं.

माझं मधलं नाव बदललं ते लग्नात. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, तेव्हा सासूबाईंच्या मनात पहिलंही बदलायचं होतं. माझ्या नवऱ्याने, सुरेशनी, नकार दिला आणि ‘संध्या’च लिहिलं. माहेरी या गोष्टीचं फार कौतुक झालं. मधलं नाव गेलं, त्याची दखल कुणी घेतली नाही, घेतली ती एकट्या दादांनी. मांडवातून सगळे उठल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले, ‘संध्या सुरेश’ असं एकदा हळू म्हणून पाहिलं आणि म्हणाले, “बरं लागतंय कानाला.”

पहिलं नाव टिकलं, हे भाग्यच म्हणायचं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. एकाच नावाच्या दोन मुली, सासरी एक रमा झाली, दुसरी आनंदी, आणि 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली तीही सासरच्याच नावाला. माझी आई माहेरची द्वारका, सासरची सुशीला. शाळेचा दाखला एका नावाचा, बँकेचं पासबुक दुसऱ्या नावाचं, हा घोळ तिच्याही पिढीत होता आणि माझ्या निवृत्तिवेतनाच्या वेळीही होता. संध्या दिनकर आणि संध्या सुरेश या एकच व्यक्ती आहेत, असं प्रतिज्ञापत्र मी सही करून दिलं. सही कुठली करायची, हे तिथल्या बाबूला दोनदा विचारावं लागलं.

आता नातीची गोष्ट. राज्य सरकारने 2024 मध्ये नियम केला की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असं लिहायचं. माझी लेक अनघा, जावई निखिल. आई आता मधे आली, तीही बापाच्या आधी. अनघाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच दादांची खोडही आठवली. कारण आपल्याकडे मुलींची बहुतेक नावं आकारान्ती नाहीतर ईकारान्ती. ‘आर्या अनघा’ म्हटलं की सवर्णदीर्घ संधी होऊन आर्यानघा होतं. ‘जुई अनघा’चं जुयनघा. जावई म्हणाले, “आई, एवढं कोण ऐकतंय?” मी म्हटलं, हजेरी घेणारी बाई ऐकते. शेवटी व्यंजनावर थांबणारी नावं शोधली आणि बाळ नूपुर झालं. ‘नूपुर अनघा निखिल’ सरळ चालत जातं.

नियम चांगला आहे, पण फार हुरळून जाण्यासारखंही काही नाही. विवाहित बाईचं नाव त्याच नियमात तिचं, नवऱ्याचं आणि आडनाव असंच चालू आहे. आईचं नाव पोरीबरोबर मांडवापर्यंत येणार, पुढे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवतात याचा दाखला लोक अभिमानाने देतात. पण गौतमी, वासिष्ठी ही गोत्रावरून आलेली नावं. गौतमीपुत्राच्या आईचं स्वतःचं नाव बलश्री, आणि ते त्या भिंतीवर आलं कारण लेणं तिनेच दान दिलं.

माझ्या आईचं नाव माझ्या एकाही महत्त्वाच्या कागदावर नाही. प्रभाची मुलगी न्यू जर्सीत असते. तिकडे मधलं नाव चक्क निवडायचं असतं. तिला मुलगी झाली तेव्हा फॉर्म समोर ठेवून तिने मला फोन केला. मधे नवऱ्याचं नाव घालायचं नव्हतं, आजीचं घालायचं होतं. पण कुठलं, सुशीला की द्वारका? मी क्षणभरही न थांबता द्वारका सांगितलं. रिया द्वारका. ‘या’ला ‘द्वा’ नीट लागतो, दादांनीही पास केलं असतं. जन्मदाखल्यावर ते पूर्ण आलं. तिच्या बालवाडीत मात्र नुसतं ‘डी’ लिहितात.