दप्तराची पारख

दप्तर निवडणे हे स्थळ पाहण्याइतकेच जोखमीचे काम आहे, असे माझे मत होत चालले आहे. दोन्हीकडे रंगरूप आधी डोळ्यांत भरते; शिवण कशी आहे ते पहिला पाऊस झाल्यावर कळते.

‘दप्तर’ हा शब्दच मुळी थोरामोठ्यांचा. पुण्याच्या पेशवे दप्तरात राज्यकारभाराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तिथून हा शब्द पोरांच्या पाठीवर आला आणि येताना आपला भारही घेऊन आला. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत या भारावरच भाषण केले. १९९३ साली यशपाल समितीने अहवाल दिला. पुढे २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एकदशांशावर आणून ठेवले. त्रैराशिक मोठे सोपे!

यंदा शाळा उघडण्याआधी रिसोडच्या बाजारात धाकटीसाठी दप्तर पाहताना मी ते मांडले. तिचे वजन पंचवीस किलो. म्हणजे दप्तर अडीच किलोचे. दुकानातले सर्वांत दणकट दप्तर शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले, तर ते रिकामेच एक किलो शंभर ग्रॅम भरले! चारशे ग्रॅमचेही एक होते. पण त्याचे पट्टे पाहून पोळ्यापर्यंत तरी टिकेल की नाही, अशी शंका आली. टिकाऊपणा आणि हलकेपणा या दोन सवती एका घरात सहसा नांदत नाहीत.

तेवढ्यात ओळखीचे एक हमालदादा तिथे आले. आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस. त्यांनी पट्टे ओढून पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, ओझं पाठीले चिकटून पायजे. खाली लोंबलं की ते माणसाले मांगं ओढते.”

शरीरशास्त्र याहून निराळे काय सांगते? भार पाठीपासून जितका दूर, तितके मूल तोल सावरायला पुढे वाकते. म्हणून जाड पुस्तके पाठीच्या बाजूला ठेवावीत. पट्टे रुंद, मऊ, दोन्ही खांद्यांवर सारखे असावेत. दप्तराचा तळ कमरेखाली उतरू नये. आपण सदरा वाढत्या अंगाचा शिवतो, तसे दप्तर मात्र घेऊ नये. मोठ्या दप्तरात जागा उरते, आणि उरलेली जागा भरल्यावाचून कोणते मूल राहते?

शेवटी मधल्या वजनाचे, सातशे ग्रॅमचे दप्तर घेतले. चांभाराकडून मेणाच्या दोऱ्याने पट्ट्यांच्या मुळाशी दुहेरी टाके घालून घ्यायचे ठरले. टिकाऊपणा असा थोडा मागाहूनही विकत घेता येतो.

पण शाळा उघडली आणि माझ्या वर्गात एक मुलगा दिसला. त्याच्या दप्तराचा एक पट्टा तुटलेला, दुसऱ्याला गाठ मारलेली. सारा भार डाव्या खांद्यावर आणि चालणे उजवीकडे कललेले. विचारले, तर म्हणाला, “बाबा म्हणते, सोयाबीन निघालं की नवं घिऊ.”

सोयाबीन निघायला दसरा उजाडतो. एकदशांशाच्या त्रैराशिकात हे चार महिने कुठे मांडायचे?

त्या संध्याकाळी चांभारापुढे मी दोन दप्तरे ठेवली. नवे दप्तर त्याचे वडील घेतीलच. ती त्यांची हौस आहे, तिला मी हात लावणार नाही. पण पिकाने वाट पाहावी, पैशाने पाहावी. नऊ वर्षांच्या पाठीने पाहू नये.